मारिया सिबिला मेरियन आणि आपल्या परसातल्या अळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मारिया सिबिला मेरियन या चित्रकार बाईनं साडेतीनशे वर्षांपूर्वी कीटक पाळले, त्यांच्या नोंदी ठेवल्या आणि त्यांची चित्रं काढली. ती चित्रं आम्ही कोकणातल्या शाळांत आणि वाचनालयांत दाखवतो. दाखवून झालं की चहाबरोबर प्रश्न सुरू होतात. काही तिच्याबद्दलचे असतात आणि बरेचसे आपापल्या बागेबद्दलचे. सगळे इथं एकत्रच ठेवलेत, वेगळे करण्यात अर्थ नव्हता.

मेरियन म्हणजे नेमकी कोण?

जन्म २ एप्रिल १६४७, फ्रँकफर्ट. मृत्यू १३ जानेवारी १७१७, ॲमस्टरडॅम. शिवाजी महाराजांपेक्षा सतरा वर्षांनी लहान. मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग उभा राहत होता, त्या वर्षांत ही मुलगी फ्रँकफर्टमध्ये अळ्यांना पाला घालत होती. पुढं तिनं युरोपातल्या कीटकांवर दोन खंडांचं पुस्तक काढलं (तिसरा खंड तिच्या मृत्यूनंतर आला), वयाच्या ५२व्या वर्षी दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली आणि तिथल्या कीटकांवर १७०५ साली मोठं चित्रमय पुस्तक स्वतःच प्रसिद्ध केलं. युरो येण्याआधीच्या जर्मन ५०० मार्कांच्या नोटेवर तिचाच चेहरा होता.

सुरिनाम कुठं आणि कोकण कुठं! आम्ही तिच्याबद्दल का वाचावं?

तिचं सुरिनामचं पुस्तक उघडून बघा. पहिल्याच चित्रात अननस आहे आणि त्यावर झुरळं. पुढं पेरू, पपई, केळ, रताळं, मिरची, कापूस, लिंबूवर्गातली झाडं. आणि काजू. बोंडासकट काजू, तेही १७०५ सालच्या पुस्तकात! वेंगुर्ल्याच्या किंवा देवगडच्या माणसाला त्या पुस्तकातली निम्मी झाडं ओळखायला कुणाची मदत लागत नाही. काजू, अननस, पेरू, पपई ही सगळी मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीज आले तेव्हा ही झाडं या किनाऱ्यावर उतरली आणि इतकी रुळली की आता काजूशिवाय कोकण म्हणजे काय ते सांगताच येणार नाही.

पण माझ्या मते खरं कारण दुसरं आहे. मेरियनच्या आधीही कीटकांची चित्रं निघत होती. त्यात किडा एकटाच कोऱ्या कागदावर असायचा. तिनं त्याला त्याच्या झाडावर ठेवलं: अंडी पानावर, अळी पान खाताना, कोष देठाला लटकलेला आणि वर उडणारा पतंग, सगळं एकाच चित्रात. कुठला किडा कुठल्या झाडावर जगतो, हा तिचा मुख्य प्रश्न. आणि हा प्रश्न विचारायला तुमच्या आमच्या परसाइतकी सोयीची जागा नाही.

फुलपाखरू अळीपासून होतं, हे तिच्याआधी कुणाला माहीतच नव्हतं का?

होतं की. रेशीम काढणाऱ्यांना तर पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, नाहीतर धंदा कसा चालला असता? पण विद्वानांच्या पुस्तकांत ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली समजूत ठाण मांडून होती: किडे चिखलातून, कुजक्या मांसातून, दवातून आपोआप उपजतात. फ्रान्सेस्को रेडी या इटालियन वैद्यानं झाकलेल्या आणि उघड्या भांड्यांत मांस ठेवून माश्यांचा प्रयोग केला, त्याचं पुस्तक १६६८ साली निघालं. मेरियननं रेशमाचे किडे पाळायला सुरुवात केली ती १६६० साली, वयाच्या तेराव्या वर्षी. म्हणजे पंडितांचा वाद रंगात येण्याच्या आधीच ही पोरगी रोज तुतीचा पाला घालून अंड्यापासून पतंगापर्यंतचं सगळं डोळ्यांनी बघत होती.

सगळं श्रेय तिलाच देणंही बरोबर नाही. यान खूदार्त या डच चित्रकारानं तिच्याआधी कीटक पाळून त्यांची रूपांतरं छापली होती. यान स्वामरडॅम हा डच अभ्यासक सूक्ष्मदर्शकाखाली किडे फाडून आतलं बघत होता. तिचं वेगळेपण हे, की ती अंड्यापासून सुरुवात करी आणि झाड सोडत नसे.

आपल्याकडे 'कीटकभृंग' सांगतात. माशी किड्याला मातीच्या घरात कोंडते आणि ध्यास घेऊन घेऊन किड्याचीच माशी होते. हे खरं की खोटं?

हा प्रश्न बहुतेक ठिकाणी एखादे आजोबा विचारतात आणि खोली एकदम गप्प होते, आता हा संतांना खोटं ठरवतो की काय म्हणून.

तसं काही नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताचे चोवीस गुरू आहेत, त्यांत ही माशीही आहे. एकनाथांनी त्याच स्कंधावर टीका लिहिली. ज्याचा ध्यास घ्याल तसे व्हाल, एवढं त्यांना सांगायचं होतं आणि ते सांगून झालं. माशीची नोंदवही लिहायला ते बसले नव्हते.

पण ज्यानं हा दृष्टान्त पहिल्यांदा सुचवला, त्याची नजर पक्की होती यात शंका नाही. कारण दिसतं ते अगदी तसंच. दाराच्या चौकटीला, पडवीच्या वाशाला, कधी देवघरातल्या तसबिरीमागं कुंभारमाशी मातीची सुपारीएवढी घरटी बांधते. हिरवी अळी उचलून आणते, आत सारते, तोंड लिंपून टाकते. काही दिवसांनी त्याच घरट्याला भोक पडतं आणि आतून माशी बाहेर येते. अळी गेली आत आणि माशी आली बाहेर. मधलं काही दिसतच नाही, मग माणूस दुसरं काय समजणार?

मधलं बघायचं असेल तर नुकतंच लिंपलेलं एखादं घरटं चाकूच्या टोकानं हलकेच उघडा. आत बारीक हिरव्या अळ्या दाटीवाटीनं भरलेल्या असतात. त्या मेलेल्या नसतात. काडीनं स्पर्श केला तर किंचित वळवळतात, पण पळू शकत नाहीत, कारण माशीनं डंख मारून त्यांना लुळं केलेलं असतं. मग घरट्याच्या छताकडे बघा. केसासारख्या धाग्याला लोंबणारं एक पांढुरकं, लांबट अंडं दिसेल. त्यातून माशीची अळी निघते, खालचा ताजा शिधा खाते, तिथंच कोष करते आणि माशी होऊन भिंत फोडते. जी बाहेर येते ती त्या माशीचीच लेक. कोंडलेली अळी केव्हाच संपलेली असते. (काही मातीची घरटी उघडलीत तर आत कोळी भरलेले सापडतील. ती माशी वेगळी, पद्धत तीच.)

मेरियनला हेच कोडं दुसऱ्या रूपात पडलं. एकाच जातीच्या अळ्या पाळल्या, तर काहींतून पतंग निघे आणि काहींतून भलत्याच बारीक माश्या. खूदार्तलाही असं दिसलं होतं आणि एकाच अळीतून दोन प्रकारचे जीव होतात की काय, असा त्याचा गोंधळ झाला होता. मेरियननं या माश्याही चित्रांत काढून ठेवल्या. या माश्या अळीच्या अंगात अंडी घालतात, हे पूर्ण उलगडायला पुढं वेळ लागला. पण नको असलेलं उत्तरही तिनं वहीतून खोडलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

तिचं शिक्षण कुठं झालं?

विद्यापीठात नाही, ते तेव्हा बायकांना बंदच होतं. घरात मात्र छापखाना होता. वडील मॅथ्यूस मेरियन हे नामांकित खोदचित्रकार आणि प्रकाशक. ती तीन वर्षांची असताना ते वारले. आईनं याकोब मारेल या फुलांच्या चित्रकाराशी लग्न केलं आणि या सावत्र बापानं तिला रंग, कुंचला, तांब्याच्या पत्र्यावरचं खोदकाम असं सगळं शिकवलं. लॅटिन ती फारसं शिकली नव्हती, त्यामुळे पहिली पुस्तकं जर्मनमध्ये लिहिली. सुरिनामच्या पुस्तकाच्या वेळी वनस्पतींच्या लॅटिन टिपा ॲमस्टरडॅमच्या वनस्पती उद्यानातल्या कास्पर कोमेलिननं लिहून दिल्या.

घरसंसार सांभाळून हे कसं जमवलं? नवरा काय म्हणायचा?

हा प्रश्न बायका विचारतात आणि पुरुष हसतात. पण प्रश्न रास्त आहे.

१६६५ साली योहान आंद्रेयास ग्राफ या चित्रकाराशी लग्न झालं. तो तिच्या सावत्र वडिलांचा शिष्य. दोन मुली झाल्या, योहाना हेलेना (१६६८) आणि डोरोथेया मारिया (१६७८). मधल्या काळात न्यूरेम्बर्गला बिऱ्हाड. तिथं तिनं श्रीमंत घरांतल्या मुलींना चित्रकला आणि भरतकाम शिकवायला घेतलं. त्यातून पैसे आले, आणि त्या घरांच्या बागा मोकळ्या झाल्या. अळ्या शोधायला बाग लागते आणि बाग श्रीमंताची असते! भरतकामाला नमुने हवेत म्हणून फुलांच्या चित्रांची पुस्तकं काढली, आणि १६७९ साली पन्नास चित्रांचा अळ्यांवरचा पहिला खंड आला. दुसरा १६८३ साली.

नवऱ्याशी पुढं पटलं नाही. १६८५ च्या सुमारास आई आणि दोन्ही मुलींना घेऊन ती नेदरलँड्समधल्या फ्रीसलँडला, लाबादिस्त या कडक धर्मपंथाच्या वस्तीत जाऊन राहिली. तिचा सावत्र भाऊ आधीपासून तिथं होता. ग्राफ न्यायला आला, तिनं नकार दिला. १६९२ साली रीतसर घटस्फोट झाला. ती पुन्हा मेरियन नाव लावू लागली. असं का झालं याच्या कहाण्या पुष्कळ रचल्या गेल्यात, त्यात मला रस नाही. वस्तीत साधं राहणं, सगळी मालमत्ता सामायिक. तिथंही तिचं काम थांबलं नाही. बेडकाची अंडी, शेपटीवाली पिल्लं, पाय फुटणं, सगळं टिपलं. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर डबक्यात जे दिसतं, तेच.

मग ५२व्या वर्षी सुरिनाम कशाला?

वस्तीत भाऊ गेला, १६९० साली आई गेली. १६९१ मध्ये ती मुलींसह ॲमस्टरडॅमला आली. तेव्हा ते बंदर म्हणजे जगाचा बाजार. शहराचा महापौर निकोलास विट्सेन, शरीररचनातज्ज्ञ फ्रेडरिक राउश अशा मंडळींच्या घरी देशोदेशीची फुलपाखरं कपाटांत टाचलेली होती. ती बघून मेरियन अस्वस्थ झाली. एवढे सुंदर जीव, पण ते कशातून झाले, काय खात होते, कुणालाच सांगता येईना. म्हणजे किडा होता आणि झाड नव्हतं.

सुरिनाम तेव्हा डचांची वसाहत. लाबादिस्तांचा तिथं मळा होता, वस्तीतला वाडा सुरिनामच्या गव्हर्नराच्या घराण्याचा होता, त्यामुळं नाव कानावरचं. तिनं आपली २५५ चित्रं विक्रीला काढली, मृत्युपत्र केलं आणि १६९९ च्या उन्हाळ्यात २१ वर्षांच्या डोरोथेयाला घेऊन जहाजावर चढली. पाठीशी ना राजा, ना कंपनी, ना नवरा. त्या काळात शास्त्रासाठी असा प्रवास सहसा कुणाच्या तरी चाकरीतच होई.

तिथं काम कसं चालायचं? कुणी मदत केली?

पारामारिबो या सुरिनामच्या मुख्य शहरात घर आणि लहानशी बाग. तिथं अळ्या पाळायच्या, बाहेरून आणायच्या, नदीनं वर मळ्यांकडे जायचं. जंगल इतकं दाट आणि काटेरी होतं की गुलामांना कुऱ्हाडी देऊन पुढं पाठवावं लागे, असं तिनंच लिहिलंय. डच मळेवाले तिची टिंगल करत. उसाखेरीज इथं दुसरं काय शोधायचं असतं, हे त्यांना कळत नव्हतं.

आणि इथंच तिच्या गोष्टीतली अवघड बाजू येते, ती टाळून पुढं जाता येत नाही. तिच्यासाठी वाट तोडणारे, किडे आणून देणारे, झाडांचे उपयोग सांगणारे लोक बहुतेक गुलाम होते. काही आफ्रिकेतून आणलेले आणि काही तिथले मूळ रहिवासी. कुठल्या झाडाचा काय गुण, हे ती त्यांच्याकडून ऐकून लिहीत गेली आणि ऐकलेलं आहे असं मोकळेपणानं नमूद करत गेली. नावं मात्र एकाचंही नाही. परत येताना एका स्थानिक बाईला तिनं ॲमस्टरडॅमला आणलं. त्या बाईचंही नाव कुठं नाही.

तिच्या पुस्तकात एक झाड आहे, ते तुमच्या अंगणात नक्की असेल: शंकासूर. लाल-पिवळ्या तुऱ्यांचा, बारा महिने फुलणारा, देवाला वाहतात तो. त्याच्या चित्रासोबत तिनं लिहून ठेवलंय की गुलाम बायका या झाडाच्या बियांनी गर्भ पाडतात, कारण आपल्या पोटी आलेलं मूल गुलाम म्हणून जगावं हे त्यांना नको असतं. मळेवाले त्यांना किती क्रूरपणे वागवतात तेही लिहिलं, आणि हे त्या बायकांनीच आपल्याला सांगितलं असंही. फुलपाखरांच्या पुस्तकात एवढा मजकूर आहे. तिनं गुलामगिरीविरुद्ध आवाज उठवला असं म्हणायला जागा नाही, ती स्वतः त्याच व्यवस्थेच्या जोरावर हिंडत होती. पण ऐकलं ते गाळलं नाही. शाळेत दाखवताना हे सांगावं की नाही यावर आमच्यात वाद होतात. मी सांगतो, मुलांच्या वयाला झेपेल एवढं.

पाच वर्षं राहायचा बेत होता. एकवीस महिन्यांत तब्येत ढासळली, बहुधा हिवतापानं, आणि १७०१ मध्ये परतावं लागलं.

पुस्तक छापायला पैसे कुठून आले?

ब्रँडीत बुडवून आणलेले साप, सरडे, किडे विकले, आगाऊ वर्गणी घेतली. साठ चित्रं, लॅटिन आणि डच अशा दोन भाषांत. छपाईचे बहुतेक तांब्याचे पत्रे दुसऱ्या कारागिरांनी खोदले. एक खुबी सांगण्यासारखी आहे. छापलेला कागद ओला असतानाच त्यावर दुसरा कागद दाबून उलटा, फिकट ठसा घ्यायचा. त्यावर पत्र्याच्या कडेची दाबखूण उमटत नाही. मग हातानं रंगवला की तो मूळ चित्रासारखा दिसतो. अशा प्रतींना जास्त भाव मिळे. मायलेकी तिघीही रंगकामात तरबेज होत्या.

कोळी पक्ष्याला खातो हे तिचं चित्र खोटं ना?

एका चित्रात पेरूची फांदी आहे, फांदीवर केसाळ मोठा कोळी आणि त्याच्या तावडीत इवलासा गुंजनपक्षी (हमिंगबर्ड). शेजारी मुंग्या एकमेकींना धरून पूल करताहेत. एकोणिसाव्या शतकात लॅन्सडाउन गिल्डिंगसारख्या निसर्ग अभ्यासकांनी यावरून तिची खूप चेष्टा केली. बाईमाणूस, ऐकीव गोष्टी रंगवल्या, असा सूर. तोवर पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्याही वाईट रंगात निघाल्या होत्या, त्यामुळं आणखी फावलं.

१८६३ साली हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्ग अभ्यासकानं ॲमेझॉनच्या खोऱ्यात असा कोळी पक्ष्यांवर बसलेला प्रत्यक्ष पाहिल्याचं लिहिलं आणि टीकाकार गप्प झाले. मुंग्यांच्या पुलाचं तर आपल्याला नवल वाटायला नको. आंब्यावरचे तांबडे हुमले (पानांची घरटी करणाऱ्या मुंग्या) दोन पानं जवळ ओढताना एकमेकांची कंबर धरून साखळी करतात. ते आंबे काढणीला गेलेल्या कुठल्याही गड्याला विचारा, चावे दाखवत सांगेल.

म्हणजे तिचं सगळंच बरोबर होतं?

छे. त्याच चित्रात गुंजनपक्ष्याच्या घरट्यात चार अंडी दाखवलीत, तो दोनच घालतो. मोठी चूक म्हणजे कंदील किडा. त्याचं डोकं भुईमुगाच्या शेंगेसारखं फुगीर असतं. त्यातून इतका उजेड पडतो की वर्तमानपत्र वाचता येईल, असं तिनं लिहिलं. तो किडा अजिबात चमकत नाही. पण जीवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसनं या लिखाणावर विसंबून किड्याचं शास्त्रीय नावच दिव्यावरून ठेवलं आणि ते आजही आहे. आपल्याकडे मे अखेरीस हिरड्या-ऐनाच्या झाडांवर काजवे लुकलुकतात, ते खरोखर पोटाच्या टोकाकडून उजेड देतात. कंदील किड्याचं घराणं वेगळं.

लिनियसनं तिची चित्रं बघून अनेक जातींना नावं दिली. पक्षी खाणाऱ्या त्या कोळ्याच्या नावातही पक्षी आहे, तो याच चित्रामुळे.

मुलींचं पुढं काय झालं?

योहाना नवऱ्यासोबत सुरिनामला गेली. डोरोथेयानं आईचा तिसरा खंड १७१७ साली काढला आणि नंतर चित्रकार नवऱ्याबरोबर रशियात सेंट पीटर्सबर्गला गेली. रशियाचा झार पीटर द ग्रेटनं मेरियनची बरीच चित्रं विकत घेतली होती. तिची अभ्यासाची वहीही तिथंच पोचली. गणितवाल्यांसाठी गंमत: डोरोथेयाची मुलगी सालोमे ही लिओनार्ड ऑयलरची दुसरी बायको.

आम्हाला घरी अळी पाळायची आहे. कुठून सुरुवात करू?

कढीपत्त्यापासून. किंवा लिंबापासून. कॉमन मॉर्मन नावाचं काळं-पांढरं फुलपाखरू यांच्या कोवळ्या पानावर एकेक अंडं घालतं. मोहरीएवढं, फिकट पिवळं, गोल. तीन-चार दिवसांत अळी निघते. सुरुवातीला ती अगदी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून कुणी खात नाही आणि तुम्हालाही सापडत नाही. पुढं हिरवीगार होते. तिला डिवचलं की मानेमागून लाल, दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुलांना हे एकदा दाखवलं की ती दिवसभर अळीला छळतात, तेवढं सांभाळा. साधारण दोन आठवडे ती खाते, मग फांदीला कमरेभोवती रेशमाचा दोर बांधून कोष करते. दहाएक दिवसांत फुलपाखरू. जिथं पपनस, बेल आहे तिथं ब्लू मॉर्मनही मिळेल. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू तेच, २०१५ पासून.

लिंबूवर्ग नसेल तर रुई बघा, तिच्यावर प्लेन टायगरच्या पट्टेरी अळ्या असतात. कण्हेरीवर कॉमन क्रो, त्याचा कोष चांदीचा मुलामा दिल्यासारखा चमकतो.

पाळण्याचं तंत्र सोपं आहे, पण कोकणातल्या पावसात काही गोष्टी नडतात. झाकण घट्ट लावलेली प्लास्टिकची बरणी नको, आत दमटपणा साचून बुरशी येते आणि अळी काळी पडून मरते. रुंद बरणीला सुती फडकं बांधा. डहाळी पाण्याच्या लहान बाटलीत खोचा, पण बाटलीचं तोंड कापसानं बंद करा, नाहीतर अळी सरळ पाण्यात उतरते. लेंड्या रोज झाडा. टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर सकाळी मुंग्यांनी काम उरकलेलं असेल. बाजारातला कढीपत्ता घालू नका, त्यावर फवारणी असते. आणि अळी ज्या झाडावर मिळाली त्याच झाडाचा पाला घाला. हौसेनं जास्वंद घातलीत तर ती उपाशी मरेल पण तोंड लावणार नाही.

वहीत रोज एक ओळ: तारीख, काय खाल्लं, कात टाकली का, रंग बदलला का. मेरियनच्या नोंदीही याहून फार वेगळ्या नव्हत्या. फुलपाखरू निघालं की पंख वाळू द्या आणि सोडून द्या.

माझ्या कोषातून फुलपाखराऐवजी माशी निघाली. काय चुकलं?

काहीही नाही. वरचा कीटकभृंगाचा प्रश्न पुन्हा वाचा. माशीचीही नोंद करा.

चित्र येत नाही. मोबाइलवर फोटो काढले तर चालतील?

चालतील, पण आठवड्यातून एकदा तरी पेन्सिल घ्या. फोटो काढताना माणूस अळीचे पाय मोजत नाही. चित्र काढताना मोजावेच लागतात, आणि तेव्हाच लक्षात येतं की पुढचे तीन जोड खरे आणि मागचे मांसल पाय वेगळ्याच घडणीचे आहेत. चित्र वाईट आलं तर येऊ दे.

तुम्ही अळ्या पाळायला सांगता, आणि इकडं किडीनं बाग खाल्ली. आम्ही बागायतदारांनी काय करायचं?

रास्त आहे. आंब्याच्या मोहरावर तुडतुडे बसले की कुणाला फुलपाखराचं कौतुक सुचत नाही, आणि सुचूही नये. किडी मारू नका असं आमचं म्हणणं नाही.

पण किडीचा जीवनक्रम माहीत असला की फवारणीचे पैसे वाचतात. माडावरचा गेंड्या भुंगा घ्या. तो शेंड्यात शिरून कोवळा सुंभा (न उलगडलेला कोंब) खातो आणि नवी झावळी उलगडली की कात्रीनं कापल्यासारखी त्रिकोणी दिसते. लोक माडावर चढून औषध ओततात. पण भुंग्याचं बालपण माडावर नसतंच, ते तुमच्या शेणखताच्या खड्ड्यात जातं. पांढऱ्या, वळलेल्या, अंगठ्याएवढ्या जाड अळ्या तिथं असतात. खड्डा उपसून, खत चाळून त्या वेचल्या, किंवा खड्ड्यात मेटारायझियम ही बुरशी सोडली, तर पुढचे भुंगे निघतच नाहीत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे लोक वर्षानुवर्षं हेच सांगतात. सोंड्या भुंग्याची गोष्ट उलटी, त्याची अळी खोडाच्या आतच असते, बाहेरून कळेपर्यंत उशीर होतो. म्हणून माडाला जखम होऊ न देणं हाच खरा उपाय.

काजूवरचा ढेकण्या कोवळ्या पालवीतला आणि मोहरातला रस शोषतो. तिथं हुमले असले तर ते बऱ्याच किडी फस्त करतात. पण तेच हुमले पिठ्या ढेकूण सांभाळतात आणि काजू वेचणाऱ्या बायकांना फोडून काढतात. हुमले ठेवावेत की काढावेत, याचं एकच उत्तर नाही. आपल्या बागेत बघून ठरवायचं.

घुला (केसाळ अळी) लागला तर?

चोळू नका. चिकटपट्टी लावून उचला म्हणजे केस निघतात, मग साबणानं धुवा. डोळ्याला लागलं, श्वास लागला किंवा अंग सुजलं तर लगेच डॉक्टरकडे. केसाळ अळी हातानं धरून पाळायची नाही, मुलांनी तर नाहीच.

तिची चित्रं शाळेत छापून लावली तर कुणाची परवानगी लागते का?

मूळ चित्रांना आता स्वामित्वहक्क नाही. सुरिनामचं पुस्तक पूर्ण स्कॅन केलेलं इंटरनेटवर फुकट मिळतं. मूळ रंगीत चित्रं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आणि सेंट पीटर्सबर्गला आहेत. छापताना आवृत्ती तेवढी बघून घ्या. १७०५ च्या पुस्तकात ६० चित्रं आहेत. तिच्या मृत्यूनंतर, १७१९ साली निघालेल्या आवृत्तीत ७२ आहेत, आणि त्या जादा बारांपैकी सगळी तिची नाहीत. रंगही प्रतीप्रतीत बदलतात, कारण ते हातानं भरलेले. काजूचं चित्र मोठ्या आकारात छापा, मुलं त्याच्यापाशी सगळ्यात जास्त वेळ थांबतात आणि बोंड उलटं काढलंय की सुलटं यावरून भांडतात.